बाजारपेठेतील पादचारी : मोजणी, गणित आणि नियोजन

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खामगाव किंवा चिखली येथील एस. टी. स्थानकाबाहेर घटकाभर उभे राहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. गाडी येते, पन्नास-साठ उतारू खाली उतरतात आणि एकाच वाटेने बाजाराकडे निघतात. परंतु दोन-तीनशे पावले जातात न जातात तोच हा जथा विखुरलेला असतो. कोणी कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर चढतो, कोणी तहसील कचेरीचा रस्ता धरतो, कोणी बांगड्यांच्या दुकानापुढे थबकते, तर कोणी भर रस्त्यात भेटलेल्या सोयऱ्याशी बोलत उभा राहतो. वरवर पाहणाऱ्यास हा सारा गोंधळ वाटतो. वस्तुतः त्यात बरीच नियमितता असते आणि ती मोजता येते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या मोजणीचे एक स्वतंत्र शास्त्रच विकसित झाले आहे. पादचारी किती वेगाने चालतो, कोठे वळतो, कोठे थांबतो आणि दाटी झाली असता कसा वागतो, हे अंकांत मांडून त्यावरून रस्त्याची आखणी करणे, हा त्या शास्त्राचा हेतू होय. अशा मांडणीस ‘गणिती प्रतिमान’ म्हणतात.

हा विषय केवळ महानगरांचा आहे, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. लहान शहरातील पेठ अरुंद असते, तिचा विस्तार करण्यास जागा नसते आणि नगरपरिषदेजवळ पैसाही बेताचाच असतो. अशा ठिकाणी चुकीच्या उपायावर केलेला खर्च भरून निघत नाही. गर्दीची तक्रार आली, की रस्ता रुंद करावा, हातगाड्या हलवाव्यात किंवा वाहतूक एकेरी करावी, असे उपाय सुचविले जातात. या रस्त्यावरून ताशी किती माणसे चालतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत साध्या उदाहरणांनी समजावून देण्याचा प्रयत्न केला आहे.

जिल्ह्यातील पेठांचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. तीपैकी सुमारे एकपंचमांश लोक शहरांत राहत होते. याचाच अर्थ असा, की तेरा तालुक्यांतील पेठांचा मोठा गिऱ्हाईकवर्ग शहराबाहेरचा आहे. तो एस. टी.ने, रेल्वेने, काळी-पिवळीने अथवा दुचाकीवरून येतो; पण पेठेत शिरताच तो पादचारी होतो. वाहनावर बसून कोणी लुगडे पसंत करीत नाही. बाजारपेठेचा व्यवहार अखेर पायांवरच चालतो.

प्रत्येक पेठेची घडण निराळी आहे. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला तो या कापसासाठीच. पुढे चांदीच्या व्यापारामुळे या गावास ‘रजतनगरी’ असे नाव मिळाले. सराफाकडे जाणारे गिऱ्हाईक घरूनच ठरवून निघते. वाटेत फारसे रेंगाळत नाही, परंतु दुकानात पोहोचल्यावर बराच वेळ बसते. शेगाव येथे मुंबई-हावडा लोहमार्गावरील गाड्यांतून भाविक उतरतात. त्यांना गाव ठाऊक नसते, त्यांचे लक्ष मंदिराकडे असते आणि प्रसाद, पेढे, तसबिरी यांची खरेदी बहुधा परतीच्या वाटेवर होते. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कचेरीच्या कामासाठी आलेला माणूस काम उरकल्यावर बाजारात येतो. मृग नक्षत्राच्या सुमारास बियाणे व खते, शाळा सुरू होताना वह्या-पुस्तके, लग्नसराईत कापड व भांडी आणि दिवाळीत सर्वच वस्तू, असा वर्षाचा क्रमही ठरलेला असतो. एका पेठेची मोजणी दुसरीस आणि एका महिन्याची मोजणी दुसऱ्या महिन्यास जशीच्या तशी लागू पडत नाही, हा या अभ्यासातील पहिला धडा होय.

ओघ, वेग आणि दाटी

पादचाऱ्यांच्या अभ्यासात तीन राशी मूलभूत आहेत. रस्त्यावर कल्पिलेल्या रेषेवरून दर मिनिटास जितकी माणसे जातात तो ‘ओघ’, माणूस ज्या गतीने पुढे सरकतो तो ‘वेग’ आणि एका चौरस मीटर जागेत असणारी माणसे म्हणजे ‘दाटी’. यांचा संबंध साधा आहे. रस्त्याच्या एक मीटर रुंदीतून जाणारा ओघ हा वेग आणि दाटी यांच्या गुणाकाराएवढा असतो.

या संबंधातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. मोकळ्या रस्त्यावर निरोगी प्रौढ माणूस सेकंदास सुमारे १.२ ते १.४ मीटर चालतो. माणसे वाढू लागली, की प्रारंभी ओघ वाढतो. पण दाटी वाढत जाते तसतसा वेग मंदावतो. एका मर्यादेनंतर माणसे कितीही वाढली तरी ओघ वाढत नाही, उलट तो घटू लागतो. दारात गर्दी केली असता कोणीच लवकर बाहेर पडत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. त्याचे कारण हेच.

अमेरिकेतील जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संबंधावरून पादचारी मार्गांचे सहा सेवास्तर ठरविले. मीटरभर रुंदीतून मिनिटास सुमारे २३ माणसांपर्यंत ओघ असेल तर प्रत्येकास मनाजोगते चालता येते. तो ५० च्या घरात गेला, की पुढच्यास ओलांडणे अवघड होते. ८० च्या पुढे चालणे पाऊल घासत होते. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने पादचारी सोयींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९८८ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. सुधारित तत्त्वांनुसार पदपथाची चालण्याजोगी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि दुकानांच्या रांगेपुढे ती ३.५ ते ४.५ मीटर असावी, अशी अपेक्षा आहे.

दहा मीटरांतील दोन मीटर

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका पेठेतील रस्ता समोरासमोरच्या दुकानांमध्ये १० मीटर रुंद आहे. नकाशावर ही रुंदी पुरेशी दिसते. परंतु दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या आणि बाहेर मांडलेला माल प्रत्येकी १ मीटर जागा घेतो. उरले ८ मीटर. दोन्ही बाजूंना रस्त्याशी काटकोनात दुचाकी लावलेल्या आहेत. त्यांच्या प्रत्येकी २ मीटर वजा जाता ४ मीटर राहिले. एका ठिकाणी हातगाडी आहे. तिचा १ मीटर आणि तिच्यापुढे उभ्या गिऱ्हाइकाचा अर्धा मीटर गेला असता २.५ मीटर उरतात. माणूस कधीही कडेला घासून चालत नाही. प्रत्येक कडेपासून किमान पाव मीटर दूर राहतो. म्हणजे त्या जागी प्रत्यक्ष चालण्यास केवळ २ मीटर रुंदी मिळाली आणि तीतूनच चालत्या दुचाकीही जावयाच्या आहेत.

या दोन मीटरांतून दोन्ही दिशांनी मिळून मिनिटास ६० माणसे जात असतील, तर मीटरमागे ओघ ३० होतो. हा सुसह्य आहे. बाजाराच्या दिवशी तो आकडा १०० झाला, तर मीटरमागे ५० माणसे होतात आणि खांद्यास खांदा लागू लागतो. आता उपाय पाहू. हातगाडी हलविली, तर त्या जागी दीड मीटर मोकळा होतो, रुंदी ३.५ मीटर होऊन ओघ सुमारे २९ वर येतो. हातगाडी तेथेच ठेवून दुचाकींची एक रांग अन्यत्र नेली, तर २ मीटर मोकळे होतात. रुंदी ४ मीटर होऊन ओघ २५ वर येतो. शिवाय हातगाडी एका जागी अडथळा करते, तर दुचाकींची रांग रस्त्याच्या संपूर्ण लांबीवर करते. यावरून प्रत्येक ठिकाणी हाच निष्कर्ष निघेल असे नव्हे. मात्र अडथळा नेमका कोणाचा व किती, हे फीत लावून पाहिल्याखेरीज कळत नाही, एवढे निश्चित.

थांबणाऱ्याचे गणित

नळातून वाहणारे पाणी आणि पेठेतून चालणारी माणसे यांत एक मोठा भेद आहे. पाणी थांबत नाही, गिऱ्हाईक थांबते. किंबहुना ते थांबावे म्हणूनच पेठ असते. रेल्वेच्या पुलावर थांबणारा माणूस अडथळा ठरतो. बाजारात थांबणारा माणूस हा व्यापाराचा आधार असतो. यास्तव केवळ ओघ मोजून बाजाराचे प्रतिमान पूर्ण होत नाही.

समजा, २०० मीटर लांबीच्या रस्त्यात दर मिनिटास ६० माणसे प्रवेश करतात. न थांबता चाललेल्या माणसास हा रस्ता पार करण्यास सुमारे ३ मिनिटे लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी रस्त्यावर ६० गुणिले ३, अर्थात १८० माणसे असतील. आता प्रत्येक माणूस वाटेत सरासरी २ मिनिटे उभा राहिला असे मानू. माणसे तितकीच येत आहेत, परंतु प्रत्येकाचा रस्त्यावरील काळ ५ मिनिटे झाला. त्यामुळे रस्त्यावर एकाच वेळी ३०० माणसे दिसतील. येणाऱ्यांची संख्या मुळीच न वाढता गर्दी दीडपटीहून अधिक झाली. ‘यंदा गर्दी फार वाढली’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा माणसे वाढली की थांबणे वाढले, हे वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे. माणसे वाढली असतील तर रुंदी हवी. थांबणे वाढले असेल तर थांबण्यास जागा, सावली आणि बाक हवे.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांचे निरीक्षण करणाऱ्या विल्यम व्हाइट यांना असे आढळले, की ओळखीची माणसे भेटली असता बाजूला न होता ओघाच्या मध्यभागीच बोलत उभी राहतात. आपल्या पेठांतही असेच घडते. ‘राम राम, केव्हा आलात?’ हा संवाद कधीही कडेला होत नाही. यास बेशिस्त म्हणण्यापेक्षा मनुष्यस्वभाव मानून आखणीत त्याची तरतूद करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कोणत्या वाटेने जाईल?

पुढील प्रश्न निवडीचा आहे. नांदुऱ्याजवळच्या खेड्यातील कुटुंब लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी मलकापुरास जाईल की खामगावास? अमेरिकेतील विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखा एक नियम मांडला. शहर जितके मोठे तितकी त्याची ओढ अधिक आणि अंतर वाढले, की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती ओढ कमी, असा त्याचा आशय होता. डेव्हिड हफ यांनी १९६० नंतरच्या दशकात त्यास संभाव्यतेचे रूप दिले. गिऱ्हाईक एकाच ठिकाणी जाईल असे न म्हणता, शंभरांपैकी किती जण कोठे जातील, हे त्यांनी मांडले.

हाच विचार एका पेठेतील दोन गल्ल्यांना लावता येतो. समजा, एस. टी. स्थानकापासून ४०० मीटरवरील गल्लीत कापडाची २० दुकाने आहेत आणि २०० मीटरवरील गल्लीत १०. चालणाऱ्यास अंतराचा त्रास साध्या प्रमाणात वाटत असेल, तर २० भागिले ४ आणि १० भागिले २ हे दोन्ही ५ येतात. निम्मे लोक इकडे व निम्मे तिकडे जातील. अंतर वर्गाच्या प्रमाणात जाचत असेल, तर २० भागिले १६ म्हणजे १.२५ आणि १० भागिले ४ म्हणजे २.५, तिघांपैकी दोघे जवळच्या गल्लीत जातील. यांपैकी खरे कोणते, हे सूत्र सांगत नाही; ते गिऱ्हाइकास विचारूनच ठरवावे लागते. मे महिन्याच्या दुपारी, हातात पिशवी आणि कडेवर मूल असताना अंतर अधिक जाचते, हे विदर्भात सांगावयास नको. रस्त्यावर झाडांची सावली केली असता लांबची गल्ली ‘जवळ’ येते. या दृष्टीने वृक्षारोपण हे व्यापारवृद्धीचेही साधन आहे.

नेदरलँड्समधील आइंडहोवेन विद्यापीठाच्या बोर्गर्स आणि टिमरमन्स या संशोधकांनी १९८६ मध्ये मास्ट्रिख्त शहराच्या पेठेचे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यांनी पादचाऱ्याच्या वागण्याचे तीन भाग पाडले : ठरविलेली खरेदी कोठे करावयाची, तेथे कोणत्या वाटेने जावयाचे आणि वाटेत काही पाहून ऐनवेळी कोठे थांबावयाचे. तिसरा भाग व्यापाऱ्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. शेतकरी बियाण्यासाठी येतो. जाताना दारातली दोरी, मुलांसाठी खाऊ आणि घरासाठी कंदील घेऊन जातो. ही खरेदी दुकान वाटेवर असले तरच होते. म्हणूनच एस. टी. स्थानक गावाबाहेर हलविणे, एखादा बोळ बंद करणे किंवा रस्त्यात दुभाजक घालून पलीकडे जाण्याची वाट अडविणे, यांचा परिणाम केवळ रहदारीवर होत नाही. कित्येक लहान दुकानांच्या गल्ल्यावर होतो. अशा निर्णयापूर्वी प्रतिमानात तो बदल करून पाहता येतो. कागदावरील चूक खोडता येते, सिमेंटमधील येत नाही.

गर्दीतील पाऊल

अगदी जवळून पाहता प्रत्येक पादचारी क्षणोक्षणी लहान निर्णय घेत असतो. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये यासाठी ‘सामाजिक बला’चे प्रतिमान मांडले. इच्छित स्थळ माणसास पुढे ओढते, तर इतर माणसे आणि भिंती त्यास दूर लोटतात. जणू काही बले कार्य करीत आहेत असे मानून संगणकावर शेकडो पादचाऱ्यांची हालचाल काढता येते. कोणी सूचना न देताही समोरासमोरून येणाऱ्या लोकांच्या आपोआप रांगा पडतात, ही नित्याच्या अनुभवातील गोष्ट त्या प्रतिमानात जशीच्या तशी दिसून आली.

परदेशी आकडे मात्र सावधपणे वापरावयास हवेत. भारत आणि जर्मनी येथील पादचाऱ्यांची तुलना करणारा एक प्रयोग चट्टराज, सायफ्रिड आणि चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. एका मार्गावर एकामागे एक चालणाऱ्या व्यक्तींची गती त्यांत मोजण्यात आली. सारख्याच दाटीत भारतीय पादचारी अधिक वेगाने चालत आणि परस्परांत कमी अंतर ठेवीत, असे आढळले. आपल्या पेठांत तर पादचारी, सायकली, दुचाकी, ऑटोरिक्षा आणि क्वचित एखादी गायही एकाच रुंदीत वावरतात. यास्तव आपल्या प्रतिमानासाठी आपल्याच रस्त्यावरील मोजमाप हवे.

तथापि, आपणांस दाटीची सवय आहे याचा अर्थ दाटी निर्धोक आहे, असा मुळीच नव्हे. चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांच्या पुढे गर्दी गेली, की व्यक्तीचा स्वतःच्या हालचालीवरील ताबा सुटू लागतो. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. जागा अरुंद, माणसे दोन्हीकडून आणि बाहेर पाऊस, अशी ती स्थिती होती. यात्रेच्या दिवशी एखाद्या अरुंद पेठेतही अशी स्थिती उद्भवू शकते.

शेगावसारख्या ठिकाणी यासाठी तासाची सरासरी उपयोगी पडत नाही. समजा, एका तासात ६०० माणसे स्थानकातून बाहेर पडली. सरासरी मिनिटास १० होते. परंतु त्यांपैकी ३०० जण गाडी आल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर आले, तर त्या काळात मिनिटास ३० माणसे असतात. आखणी करावयाची ती या तिप्पट लोंढ्यासाठी, सरासरीसाठी नव्हे. वाढप्यास पंगतीचा अंदाज लागतो तो एकूण पानांवरून नव्हे, एका वेळी बसणाऱ्या पानांवरून. त्यातलाच हा प्रकार होय.

फेरीवाला : अडथळा की आकर्षण?

पेठेतील गर्दीचा विचार फेरीवाल्यांवाचून पुरा होत नाही. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ अन्वये पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करणे, नगर पथविक्रेता समिती स्थापणे आणि विक्रीची क्षेत्रे ठरविणे आवश्यक आहे. जेथे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने एकत्र येत आले आहेत अशा ‘नैसर्गिक बाजारा’ची कल्पनाही या कायद्यात मान्य केलेली आहे. दुसऱ्या बाजूस, निर्वेध पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. हे दोन्ही हक्क एकाच रस्त्यावर नांदवावयाचे आहेत.

येथे प्रतिमानाचे साहाय्य होते. हातगाडी रुंदी अडविते हे खरे. परंतु ती पादचाऱ्यास रस्त्यावर आणतेही. भाजीसाठी आलेली गृहिणी शेजारच्या दुकानातून साबण नेते. हातगाड्या एकदम दूर नेल्या तर रस्ता मोकळा होतो आणि कदाचित दुकानेही मोकळीच राहतात. याउलट सर्वांत अरुंद जागा, चौकाची तोंडे आणि स्थानकाचे दार एवढीच ठिकाणे मोकळी ठेवून, रस्ता रुंद असेल तेथे विक्रेत्यांना आखून दिलेली जागा दिली, तर दोहोंचे साधते. कोणती जागा अरुंद आणि कोणती रुंद, हे मोजणीच्या नकाशावरून समितीतील सर्वांस एकाच वेळी दिसते. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्यास निदान आकडा तरी दाखविला गेला पाहिजे. आकड्यावर वाद घालता येतो. मर्जीवर घालता येत नाही.

मोजणी कशी करावी?

हे काम वाटते तितके खर्चाचे नाही. फीत, खडू, थांब-घड्याळ आणि तक्ते एवढ्या साहित्यात प्रारंभ करता येतो. भूगोल, वाणिज्य व संख्याशास्त्राचे विद्यार्थी तसेच अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांना ते प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; अन्य तालुक्यांतही महाविद्यालये आहेत. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. पेठेच्या रस्त्याचा नकाशा काढून दर १० मीटरवर प्रत्यक्ष चालण्याजोगी रुंदी मोजावी. पायऱ्या, खांब, उघडी गटारे, लावलेली वाहने आणि विक्रेते यांची नोंद करावी.

२. ठरविलेल्या रेषांवर दर पंधरा मिनिटांस दोन्ही दिशांची माणसे मोजावीत. साधा दिवस, आठवडी बाजाराचा दिवस आणि सणापूर्वीचा दिवस, असे किमान तीन दिवस घ्यावेत. स्त्रिया, पुरुष, वृद्ध, मुले आणि ओझे घेतलेले यांची गणना स्वतंत्र ठेवावी.

३. रस्त्यावर खडूने २० मीटर अंतर आखून ते चालण्यास लागणारा वेळ घड्याळाने टिपावा. वीस मीटरला १६ सेकंद लागले, तर वेग सेकंदास १.२५ मीटर झाला.

४. दुकानांपुढे किती माणसे उभी आहेत, हे गच्चीवरून दर पाच मिनिटांनी मोजावे. कोणाचाही पाठलाग करू नये, ओळख पटेल असे चित्रण करू नये.

५. पेठेतून बाहेर पडणाऱ्या काही लोकांस, त्यांच्या संमतीने, चार प्रश्न विचारावेत : कोठून आलात, कशाने आलात, काय ठरवून आला होता आणि न ठरविता काय घेतले.

६. एका दिवसाच्या आकड्यांवरून प्रतिमान तयार करावे आणि दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून पाहावे. अंदाज आणि वस्तुस्थिती यांत मोठी तफावत आढळल्यास प्रतिमान दुरुस्त करावे, वस्तुस्थिती नव्हे.

या मोजणीत एक दक्षता अवश्य घ्यावी. सरासरी माणूस डोळ्यांसमोर ठेवला, की सरासरीहून सावकाश चालणारे दृष्टिआड होतात. काठी टेकीत चालणारी वृद्धा, अंध व्यक्ती, चाकाच्या खुर्चीवरून जाणारा गृहस्थ हेही गिऱ्हाईकच आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक जागा त्यांना सुगम असणे आवश्यक आहे. जे रस्त्यावर दिसतच नाहीत त्यांची गणनाही होत नाही. ते बाजारास का येत नाहीत, हे त्यांच्या घरी जाऊन विचारावयास हवे.

उपसंहार

पादचाऱ्यास अग्रक्रम दिल्याने व्यापार बुडतो, अशी भीती सर्वत्र प्रथम व्यक्त होते. कोपनहेगन येथील स्ट्रोगेट हा मुख्य बाजाररस्ता १९६२ मध्ये वाहनांसाठी बंद करण्यात आला तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही तीच शंका घेतली होती. पुढे तो रस्ता पादचारी पेठांचा आदर्श मानला गेला. आपल्या राज्यात पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळण्यास प्रारंभ केला. एक दिवस वाहने बाहेर ठेवून पाहणे हाही एक प्रयोगच असतो. मात्र त्या दिवशी आणि त्याच्या आधी-नंतर मोजणी केली तरच त्याचा लाभ मिळतो.

बुलढाणा जिल्ह्यातील पेठांना कोपनहेगनचे अनुकरण करण्याची आवश्यकता नाही. खामगावचा सराफ बाजार, शेगावची मंदिराकडे जाणारी वाट, चिखली व मलकापूर येथील धान्य-कापसाच्या पेठा यांची चाल स्वतंत्र आहे आणि ती तेथेच मोजावी लागेल. रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक तयार करताना लांबी, रुंदी आणि जाडी हे तीन रकाने आपण न चुकता भरतो. त्यांच्या आधी ‘येथून चालणारी माणसे’ हा चौथा रकाना जोडला जावा, एवढीच अपेक्षा आहे. तो रकाना भरण्यासाठी लागणारा खडू कोणत्याही शाळेत मिळतो.